व्हायव्हातनं पळालो तो अजून पळतोयच

(पत्र मोठं होतं, थोडं कमी केलंय, आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

"ताई, मी १९ वर्षांचा, इंजिनिअरिंग फर्स्ट इयर, कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो. दोन महिन्यांपूर्वी व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, माझा नंबर यायच्या आधी एकदम छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, वाटलं आता मी मरतो. सरांना 'दोन मिनिटं' म्हणून बाहेर आलो ते थेट घरी. पुढच्या आठवड्यात केएमटीच्या सिटी बसमध्ये तसंच झालं, गंगावेशीत उतरलो आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. ईसीजी काढला, नॉर्मल आहे, डॉक्टर म्हणाले गॅस झालाय. तेव्हापासनं बस बंद, मित्राच्या गाडीवरनं जातो. फुटबॉल पण सोडला, पळालं की छाती धडधडते आणि वाटतं परत तेच होणार. घरात कुणी काय बोललं की डोकं सटकतं. परवा आई 'जेव की' एवढंच म्हणाली तर ताट भिरकावलं, आणि मग बाथरूमचा नळ सोडून रडलो. पप्पा शिरोलीला फौंड्रीत आहेत, त्यांना हे सांगायची सोय नाही. मित्र म्हणतात नाटक करतोय. रात्री मोबाईलवर शोधत बसतो की मला काय झालंय. कधीकधी वाटतं नकोच हे सगळं. मी येडा होत चाललोय का?"

बाळा, शेवटनं सुरुवात करते. तू येडा होत नाहीयेस. तुझ्या पत्रात एकही ओळ अशी नाही की जी वाचून मला तसं वाटावं, उलट किती नीट लिहिलंयस, कुठं, कधी, काय झालं, सगळं जागच्या जागी.

पण त्याच्या आधीची एक ओळ आहे, "नकोच हे सगळं". ती मी दोनदा वाचली. त्याचा अर्थ तू दमलायस असा असेल, बहुतेक पोरांचा तोच असतो. पण त्याचा अर्थ मरून जावं असं वाटतं असा असेल, किंवा कधी रात्री तसा होत असेल, तर हे पुढचं सगळं नंतर वाच, आधी १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस म्हणून सरकारची सेवा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासनं चालू आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एका माणसाला त्याच रात्री उठवून सांगायचं, एकटं खोलीत बसायचं नाही. आई झोपली असेल, तिला त्रास नको, असलं काही डोक्यात आणू नकोस, कुठल्याही आईला विचार, तिला उठवलेलंच हवं असतं. स्वतःला इजा करायला हातात काही घ्यावंसं वाटत असेल तर मग ११२ किंवा १०८, तिथं विचार करत बसायचं नाही.

आता तुला झालं काय ते सांगते. तू जे लिहिलंयस ना, छाती, मुंग्या, श्वास, "मरतो" असं वाटणं, ह्याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात, म्हणजे भीतीचा झटका. डॉक्टरांनी गॅस म्हटलं, ईसीजी नॉर्मल आला ही चांगलीच गोष्ट झाली, पण गॅस म्हणून घरी पाठवल्यावर पोरगं रात्रभर मोबाईलवर शोधणार नाही तर काय करणार, दोन वाक्यं जास्त बोलायला हवी होती. ती मी बोलते.

आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते, तिच्यातनं अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं. कुत्रं अंगावर आलं, गाडी समोरनं आली की सुटतं आणि ते बरंच आहे, त्याच्यामुळंच आपण उडी मारून बाजूला होतो. पायांना जास्त रक्त मिळावं म्हणून छाती धडधडते, हवा जास्त मिळावी म्हणून श्वास भराभर चालतो. तुझ्या व्हायव्हाला कुत्रं नव्हतं, पण मेंदूचा जो भाग भोंगा वाजवतो त्याला कुत्रं काय आणि एक्स्टर्नल परीक्षक काय, फरक कळत नाही, त्यानं वाजवला भोंगा. आता तू तर जागेवर बसलेला, पळत नाहीस, आणि श्वास मात्र पळणाऱ्याचा. मग अंगातला कार्बन डायऑक्साईड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, आणि त्यानंच बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर होतं, डोकं हलकं होतं. म्हणजे हवा कमी पडत नव्हती, तू घेत होतास जास्त. हे मी मुद्दाम एवढं सांगतेय कारण "श्वास पुरत नाही" म्हणून माणूस अजून जोरात ओढायला जातो आणि अजून अडकतो.

आणि बेशुद्ध पडशील अशी भीती असेल तर, बेशुद्धी सहसा ब्लडप्रेशर खाली गेल्यावर येते, ह्या झटक्यात बहुतेक वेळा ते वर गेलेलं असतं. वाटतं पडणार पडणार, पण माणूस पडतो असं फार क्वचित.

ह्याला आकडा पण आहे. झटका साधारण दहा मिनिटांत सगळ्यात वर जातो आणि मग उतरायला लागतो, तू काही केलंस तरी आणि नाही केलंस तरी. अ‍ॅड्रेनॅलिन अंगात तेवढ्याच जोरात तासन् तास राहूच शकत नाही. तू गंगावेशीत त्या पायरीवर किती वेळ बसला होतास? मला वाटतं अर्धा तास बसला असशील आणि मग उठून चालत घरी गेला असशील. तुला वाटलं बसमधनं उतरलो म्हणून वाचलो. बाळा, बसमध्ये बसून राहिला असतास तरी एवढ्याच वेळात उतरलं असतं. पण हे तुला कळलंच नाही, कारण तू थांबून बघितलंच नाहीस. मला तुला सांगायचंय ते सगळं ह्यातच आहे.

मी २२ वर्षांची होते. वडील जाऊन तिसरा महिना, दिवाळीच्या आधीची गर्दी, आत्याबरोबर महाद्वार रोडला साडीच्या दुकानात गेले होते. दुकानदारानं गादीवर साड्या टाकायला सुरुवात केली, तिसरी का चौथी साडी उलगडली आणि एकदम कानात सूं झालं, घाम फुटला, आत्याचा दंड धरला तो एवढा घट्ट की तिच्या बांगड्या वाढल्या. तेव्हा पॅनिक बिनिक हा शब्द कुणाला माहीत, घरी आल्यावर आजीनं मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. मला त्याचं काही म्हणायचं नाही, तिच्या हाताशी जे होतं ते तिनं केलं. पण त्या रात्री तिनं आणखी एक केलं ते आजही माझ्या लक्षात आहे. काशाची वाटी काढली, खोबरेल लावलं आणि माझ्या तळपायावरनं ती वाटी फिरवत बसली, एक शब्द न बोलता. तेल काळं पडेपर्यंत. काय झालं, का झालं, कुणी काय म्हणालं का, काही विचारलं नाही. तिच्या मांडीवर पाय ठेवून मी झोपले.

पण पुढं मी काय केलं बघ. चार वर्षं महाद्वार रोडवर पाऊल टाकलं नाही. अंबाबाईला जायचं तर घाटी दरवाजातनं जायचं, लग्नाचा बस्ता असला की माझं डोकं दुखायचं. आधी फक्त महाद्वार रोड होता, मग कुठलीही गर्दी झाली, मग थेटर झालं, मग एकटीनं एसटीत बसणं. भीती ही अशी असते, तिला एक खोली दिली की ती घर मागते. तुझं बघ की, व्हायव्हा होता, मग बस आली, मग फुटबॉल, आता जेवणाच्या ताटापर्यंत आलंय. दोन महिन्यांत. तू जिथनं जिथनं उठून आलास तिथं तिथं तुझ्या मेंदूनं लिहून घेतलं की ही जागा धोक्याची होती, बरं झालं पळालो. तो चुकीचं शिकलाय आणि शिकवणारा तूच आहेस, म्हणून बदलू पण तूच शकतोस.

कसं, तर फुटबॉलपासनं. मला फुटबॉलचं वाईट सगळ्यात जास्त वाटलं. आपल्या गावात पोरगं चालायला लागलं की पेठेतला संघ ठरतो, शाहू स्टेडियमला मॅच असली की अर्धं गाव तिथं असतं, आणि तू छाती धडधडते म्हणून सोडतोस? छाती धडधडलीच पाहिजे, पळतोयस की. सहा महिन्यांपूर्वी बॉलच्या मागं पळताना जेवढं हृदय धडधडायचं तेवढंच व्हायव्हाच्या दिवशी धडधडलं असेल, कदाचित कमीच. फरक एवढाच की ग्राऊंडवर तू त्याच्याकडं बघत नव्हतास, बॉलकडं बघत होतास. ईसीजी नॉर्मल आहेच, पण आधी एकदा फिजिशियनला दाखव, आणि पळताना कधी चक्कर येऊन पडला असशील किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयाचं काही झालं असेल तर ते त्यांना आवर्जून सांग. रक्ताची साधी तपासणी पण करून घे, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड, कारण ह्या दोन्हीत काही बिघडलं तरी धडधड होते आणि त्यावर इलाज असतो.

ते झालं की ग्राऊंडवर जा. पहिल्या दिवशी मॅच नाही. दोन राऊंड मार, हात छातीवर ठेव आणि धडधड मोज, पळून जाऊ नको, बस तिथंच गवतात आणि ती कमी होताना बघ. ते कमी होताना बघणं हेच औषध आहे. दुसऱ्या दिवशी चार राऊंड. बसचं पण तसंच, आधी गर्दी नसलेल्या वेळेला एक स्टॉप, फुलेवाडी नाक्यावर चढ आणि पुढच्या स्टॉपला उतर, मग रंकाळ्यापर्यंत, मग गंगावेशीपर्यंत. नियम एकच, भीती वर चढत असताना उतरायचं नाही, थोडी खाली आली की उतर. वर असताना उतरलास तर परत तेच शिकशील. मित्राला पहिले दोन दिवस बरोबर घे, तिसऱ्या दिवशी एकटा. मला महाद्वार रोडला एका मैत्रिणीनं असंच परत नेलं, रोज चार दुकानं पुढं, पंधरा दिवस लागले आणि मधे दोन दिवस परत मागं पण आले. तुझं पण एखादा दिवस मागं येईल, त्यानं आधीचं पुसलं जात नाही.

आणि झटका आलाच तर? श्वास आत चार आकडे मोजून, बाहेर सहा आकडे मोजून, नाकानं आत, तोंड बारीक करून बाहेर, गरम चहावर फुंकर मारतो तसं. जोर बाहेर सोडण्यावर द्यायचा, आत घेण्यावर नाही. पाच मिनिटं. पिशवीत श्वास घे असं कुणी सांगेल, ते करू नको. मनात "थांब थांब" म्हणायचं नाही, "ये, किती चढतंस बघू" म्हणायचं. डोळे उघडे ठेव आणि समोर जे आहे ते मनात वाच, दुकानाच्या पाट्या, रिक्षाचा नंबर, दूध कट्ट्यावर म्हशी किती उभ्या आहेत ते. सोपं वाटतंय ना? झटक्यात हे काहीही आठवत नाही, म्हणून आत्ता बरा असताना रोज रात्री दहा मिनिटं श्वास करून ठेव, मोबाईलवर शोधतोस त्या वेळेत.

रागाचं जरा वेगळं आहे आणि तिथं मला तुझ्याशी थोडं कडक बोलायचंय. पावसाळ्यात आपण सकाळी उठून पहिलं काय विचारतो? "किती फूट?" पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी, शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. आणि नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसं ४३ ची वाट बघत बसत नाहीत, ३९ कडं निघालं की जनावरं हलवायला घेतात, २०१९ च्या महापुरानंतर तर अजून लवकर. तुझं ताट ४३ च्या वर गेल्यावर उडालं. पण त्याच्या आधी ३९ आलं असणार, नक्की आलं असणार, तू बघितलं नाहीस. कान गरम होतात का, जबडा आवळतो का, "हं" "बरं" अशी तुटक उत्तरं यायला लागतात का, आवाज बारीक होतो का? प्रत्येकाचं ३९ वेगळं असतं, तुझं तू शोध, आठ दिवस वहीत लिही, राग आला की त्याच्या आधी अंगात काय होत होतं. आणि ते दिसलं की जागा सोड. तोंडानं सांगून सोड, "आई, माझं डोकं तापतंय, मी दहा मिनिटांत येतो", आणि दहा मिनिटांत परत ये, दार आपटून रात्रभर गायब नाही. व्हायव्हातनं पळालास ते वेगळं आणि हे वेगळं, इथं तू परत येणारायस.

हा राग बहुतेक भीतीचाच आहे असं मला वाटतं. दिवसभर "परत होईल, परत होईल" म्हणून अंग ताणून धरायचं, झोप नाही, मग संध्याकाळी कुणी "जेव की" म्हटलं तरी धक्का लागल्यासारखं होतं. तुझं वय पण आहे त्यात, मेंदूचा लगाम धरणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. पण ते आईला लागलेलं पुसत नाही. तिनं जमिनीवरची आमटी पुसली असेल ना? आज जा, तिच्याजवळ बस, "परवा मी ताट टाकलं, चुकलं माझं" एवढं म्हण. कारणं सांगू नको त्याच वेळी. कारणं दुसऱ्या दिवशी.

झोप. रात्री एकपर्यंत "छातीत धडधड" शोधलं की मोबाईल तुला दहा भयानक रोग दाखवणार आणि झोप उडणार, आणि झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भोंगा लवकर वाजतो. अकराला मोबाईल आईच्या खोलीत. चहा दिवसाला दोन, एनर्जी ड्रिंक पीत असशील तर ते बंदच. मावा किंवा सिगारेट असेल तर, तू लिहिलं नाहीस पण मी विचारते, त्यातल्या निकोटीननं धडधड वाढते, डोकं शांत होतं हे वरवरचं असतं. आणि मित्रानं मेडिकलमधनं आणलेली झोपेची गोळी अजिबात घ्यायची नाही, त्यातल्या काहींची सवय लागते.

पप्पांचं. फौंड्रीत भट्टीपुढं शिफ्ट करून आलेल्या माणसाला जेवताना "मला अँग्झायटी आहे" म्हटलं तर ते घाबरतील आणि घाबरलेला बाप ओरडतो. शब्द बदल. सुट्टीच्या दिवशी, ते निवांत असताना, रंकाळ्याला चालायला ने, समोरासमोर बसू नको, बरोबर चाल, चालताना पुरुषांना बोलायला सोपं जातं असं मी खूप घरांत बघितलंय. म्हण, "पप्पा, दोन महिन्यांपूर्वी पेपरच्या वेळी माझी छाती धडधडली, ईसीजी चांगला आहे, पण भीती बसलीय, मी बस सोडलीय, फुटबॉल सोडलाय, मला डॉक्टरकडं यायला तुम्ही बरोबर पाहिजे." काम सांग त्यांना. बाप लोकांना काम सांगितलं की ते उभे राहतात. पहिल्यांदा "काही होत नाही रे" म्हणतील, गप्प बस, आठ दिवसांनी परत सांग.

आणि डॉक्टर म्हणजे कुठला, तर ह्याच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ. सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, सकाळी ओपीडीत केसपेपर काढायचा आणि विचारायचं. कुणी बघेल म्हणून लाज वाटेल, तिथल्या बाकावर बसलेल्या माणसांना पण तीच वाटत असते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या साधारण दर दहा मोठ्या माणसांमागं एकाला काही ना काही मानसिक त्रास निघाला होता, तेव्हा तुझ्या वर्गात तू एकटा नाहीस, ते पण कुणाला सांगत नसतील एवढंच. तू १८ पूर्ण आहेस, एकटा गेलास तरी चालतं, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तुझी माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुला दिलाय, जिवाला धोका असण्यासारखे थोडे अपवाद सोडले तर. बहुतेक आधी बोलण्याची थेरपी सांगतील, मी वर जे बस आणि ग्राऊंडचं लिहिलं ते तिथं नीट, माणसासमोर बसून करून घेतात, त्यांच्या मदतीनं केलंस तर लवकर होईल. गोळी दिली तर घाबरू नको, ह्यातल्या नेहमीच्या गोळ्यांचा उपयोग दिसायला दोन-चार आठवडे लागतात, चार दिवसांत फरक नाही म्हणून बंद करायची नाही आणि बरं वाटलं म्हणून पण आपल्या मनानं बंद करायची नाही.

मित्र नाटक म्हणतात ते सोड. त्यातला एक, जो तुला रोज गाडीवरनं नेतो, तो न बोलता काहीतरी समजलाय असं मला वाटतं. बसमध्ये पहिले दोन दिवस त्यालाच बरोबर घे.

व्हायव्हा परत द्यावा लागणार असेल तर सरांना आधी जाऊन भेट, खरं सांग, पहिला नंबर माग, वाट बघत बसण्यातच जास्त चढतं.

सुरुवात ह्या रविवारी सकाळी, ग्राऊंडवर, दोन राऊंड. डॉक्टरांचं झालं नसेल तर त्याच्या पुढच्या रविवारी. गवतात बसून वहीत लिही, पळाल्यावर धडधड किती फूट होती आणि दहा मिनिटांनी किती. मला मोठं पत्र नको, ते दोन आकडे पाठव.